मुखपृष्ठावरचा ठिपका

तक्रार सोमवारी, सहा ऑक्टोबरला आली. पाकिटावर टपालाचा शिक्का नव्हता. कुणीतरी ते वाचनालयाच्या दाराखालून आत सरकवलं होतं. वर फक्त "अध्यक्ष" लिहिलेलं होतं, म्हणून ग्रंथपाल रविता टेंभरे हिने ते फोडलं नाही. समितीचे अध्यक्ष भुवनेश्वर रहांगडाले यांच्या घरी जाऊन तिने ते त्यांच्या हातात दिलं.

भुवनेश्वर यांनी पाकीट तिच्यासमोरच फोडलं. आत संगणकावर टाइप केलेलं चार ओळींचं पत्र आणि एक रंगीत फोटो होता. "वाचनालयात टेबलावर घाण चित्राचे पुस्तक मांडले आहे. शाळेच्या पोरी पाहून हसतात. ते पुस्तक तात्काळ काढून टाकावे. एक गावकरी."

"रविता, हे काय होय?" त्यांनी फोटो पुढे केला.

"तलावाचं पुस्तक होय, काकाजी."

"तलाव कुठी दिसते याच्यात? मले तं दुसरंच दिसून राहिलं."

रविताने फोटो हातात घेतला. तिलाही दुसरंच दिसत होतं. ज्याने एकदा ते तसं पाहिलं, त्याला पुन्हा तलाव दिसत नव्हता.

"रविवारी सभा ठेवतो," भुवनेश्वर म्हणाले. "लेखी उत्तर घेऊन ये. नाई तं समितीले दुसरा विचार करा लागन."

दुसरा विचार म्हणजे कोण, हे रविताला ठाऊक होतं. अध्यक्षांची पुतणी डिंपल मे महिन्यात गोंदियाहून ग्रंथालयाची परीक्षा पास होऊन आली होती. सप्टेंबरात ती दोनदा वाचनालयात आली. दुसऱ्या वेळी रविता माठातलं पाणी आणायला गेली आणि परत आली, तर डिंपल तिच्या खुर्चीवर बसून फोनवर बोलत होती. रविताची अकरा वर्षं त्या खुर्चीवर गेली होती. खुर्ची गेली असती तर तिने दुसरं काही शोधलं असतं. पण "पोरींना घाण पुस्तकं दाखवणारी" म्हणून ती गेली असती, तर चिचगडच्या रस्त्यावरच्या एकाही गावात तिला कुणी शाळेच्या आवारातसुद्धा उभं केलं नसतं. तिची स्वतःची मुलगी नववीत होती.

पुस्तकाचं नाव "गावतलावाची निगा". वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन ऑक्टोबरला रविताने जुनी सव्वीस पुस्तकं एका टेबलावर मांडली होती. हे त्यातलं सर्वांत बारीक, चाळीस पानांचं. गावच्याच, भानटोल्याच्या तलाव समितीने १९७६ मध्ये काढलेलं. लेखक बकाराम लंजे, कोहळी, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे दाबायची, गाळ कधी काढायचा, तुडूम कसं साफ करायचं, एवढंच आत होतं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी शेताकडे सोडायची दगडी मोरी.

मुखपृष्ठ पिवळ्या कागदावर तपकिरी शाईत छापलेलं. वर दोन गोल टेकड्या शेजारी शेजारी, डावी थोडी मोठी. त्यांच्याखाली मऊ उतरत गेलेला मोकळा भाग. त्या भागात, मध्यापासून जरा उजवीकडे, एक काळा ठिपका. खाली दोन्ही बाजूंनी आत वळत आलेल्या दोन जाड रेषा, आणि त्या जिथे जवळ येतात तिथे झुडपांचा त्रिकोण. पन्नास वर्षं ते पुस्तक कपाटात पाठ दाखवून उभं होतं. टेबलावर आडवं ठेवल्यावर अकरावीच्या रुचीने त्याचा फोटो काढला, खाली "ओळखा पाहू कोन बाई?" असं लिहिलं आणि गावच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत पत्र आलं.

रविताने तिच्याकडेच राहिलेला पत्राबरोबरचा फोटो पुन्हा पाहिला. तो रुचीचा फोटो नव्हता. रुचीच्या फोटोत पुस्तकावर वाचनालयाची क्रमांकाची चिठ्ठी दिसत होती. या फोटोतल्या पुस्तकावर चिठ्ठी नव्हती आणि एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या घरी हेच पुस्तक होतं, आणि त्याने वाचनालयात पाऊलही न ठेवता पत्र लिहिलं होतं. भुवनेश्वर यांच्या घरी वर्तमानपत्राशिवाय छापील कागद नव्हता. रविताचा संशय आधी त्यांच्यावर होता. तो तिने पूर्ण सोडला नाही, फक्त बाजूला ठेवला.

रंगीत फोटो छापून देणारं जवळचं दुकान चिचगडला, संजूचं. मंगळवारी सकाळी तिने गाडी काढली.

"दीदी, कस्टमर का नाम हम नहीं बताते," संजू मोबाइलचं मागचं झाकण उघडत म्हणाला.

"तू कोणत्या बँकेचा मॅनेजर आहेस?"

"उसूल की बात है."

"मागच्या वर्षी तीन पुस्तकं नेलीस. एक परत नाही आलं. तो कोणता उसूल?"

संजूने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "एक बुढी माय होती. पुस्तक पदरात गुंडाळून आनलं. तिनं सांगतलं, म्या टाइप केलं. मी म्हनलो, नाव टाकू का? तं म्हने, नाव टाकाचं असतं तं तुह्यापाशी कायले आली असती?"

"कोण बुढी?"

"मेरा नाम मत लेना. कापगते मास्तरची."

परसराम कापगते मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची बायको पुष्पाबाई, वय एकाहत्तर, तलावाच्या रस्त्यावर एकटी राहत होती. रविता पोचली तेव्हा ती ओसरीत उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती.

"ये. संजूनं सांगतलं न?"

"नाही. त्यानं काही नाही सांगितलं."

"खोटं बोलतानी तुहे कान लाल होतेत. बस."

रविता बसली. "बाई, मी तुमचं काय वाकडं केलं?"

"तू काईच नाई केलं. म्या पुस्तक काढाले सांगतलं, तुले काढाले नाई सांगतलं."

"काकाजी मला काढून राहिले."

पुष्पाबाईंनी दोन शिंगाडे सोलले आणि एक रविताच्या हातावर ठेवला. "त्याची पुतनी आली न शिकून," ती म्हणाली.

"पुस्तक तुमच्या घरचं, मास्तर चित्रकलेचे; चित्र त्यांनीच काढलेलं. मग तुम्हीच ते घाण म्हणता?"

"मीच म्हनन. दुसरं कोन म्हनन?" तिने हात पदराला पुसले. आतून तिने आपली प्रत आणली. कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. "मास्तर सांगे, तलाव होय. कोन्या गावचा तलाव? आपली मोठी टेकडी घाटावर उभं राहिलं तं उजव्या हाताले हाय. याच्यात डाव्या हाताले. डावं-उजवं समजत नव्हतं का त्याले? चित्रकलेचा मास्तर होता!"

"आणि हा ठिपका?"

पुष्पाबाईंनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. "धानाच्या रोवनीत लुगडं वर खोचलं का साऱ्या बायायले दिसे तो तीळ. रुख्माचा. तिच्या बेंबीच्या डाव्या अंगाले. समोरून पाहिलं का उजवीकडे. घे, पाय याच्यात."

रुख्मा पुष्पाबाईच्याच वयाची, शाळेमागे राहणारी. रविता तिला ओळखत होती. पुष्पाबाई आणि रुख्मा एकमेकींशी बोलत नाहीत हे सगळं गाव जाणत होतं. का बोलत नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मास्तर रुख्माबाईकडे...?"

"तिच्या भावाले चित्रं शिकवाले जाये. महिना-दोन महिने गेला."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. हसला. हसला म्हनून तं शक आला. रागावला असता तं नसता आला."

"आणि रुख्माबाईंना?"

"तिच्यासंगं बोलनं बंद केलं. तिनं बी कधी विचारलं नाई, पुष्पा, काऊन बंद केलं म्हनून. मंग समजून घ्याचं का नाई मानसानं?" तिने पुस्तक पुन्हा पदराखाली घेतलं. "पन्नास वर्षं कोनाले काई दिसलं नाई. आता पोट्ट्या विचारून राहिल्या, कोन बाई म्हनून. कोनीतरी नाव घेईनच ना. आधी तिचं, मंग मास्तरचं, मंग माह्यं."

"रविवारच्या सभेला या, बाई. एवढंच सांगा की पुस्तकाची तक्रार होती, माझी नव्हती."

"नाई येत. गेली का सारं बोला लागते."

दोन दिवस रविता उत्तर लिहीत आणि फाडत होती. "सदर चित्र अश्लील नाही" असं लिहिलं की पुढचं वाक्य सुचत नव्हतं, कारण चित्र काय आहे हे तिलाच सांगता येत नव्हतं. गुरुवारी दुपारी, वाचनालयात कुणी नसताना, तिने पुस्तक खिडकीशी नेलं आणि भिंग लावून रेघ न् रेघ पाहिली. खालच्या कोपऱ्यात, जे तिला गवत वाटत होतं, ते गवत नव्हतं. ती अक्षरं होती, पण वाचता येत नव्हती. तिने पर्समधला गोल आरसा काढून शेजारी धरला. आरशात सरळ वाचता आलं: प. कापगते.

सही उलटी होती. वरचं पुस्तकाचं नाव सरळ होतं.

आरसा तसाच धरून तिने नजर वर नेली. मोठी टेकडी उजवीकडे गेली होती. लहान डावीकडे. क्षणभर तिला काही कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. रोज सकाळी कामावर येताना ती याच टेकड्या पाहत होती. खालच्या दोन रेषा म्हणजे पाळीची दोन टोकं. त्रिकोण म्हणजे घाटाजवळची बेशरमाची झुडपं. ठिपका डावीकडे, तुडुमाच्या तोंडावरचा दगडी खांब जिथे आहे तिथे.

मग तिने प्रस्तावना वाचली. अकरा वर्षांत ती तिने कधी वाचली नव्हती. शेवटच्या परिच्छेदात बकाराम लंजे यांनी आभार मानले होते. "मुखपृष्ठावरील चित्र श्री. परसराम कापगते गुरुजी यांनी स्वहस्ते सागवानी ठोकळ्यावर कोरून दिले, श्रावण शुद्ध पंचमीस ते पूर्ण झाले."

पहिला अर्धा भाग वाचून तिला हायसं वाटलं. दुसरा अर्धा तिने तीनदा वाचला.

शनिवारी सकाळी ती पाळीवर गेली. तलाव तुडुंब भरला होता. टेकड्या आरशातल्या चित्राशी तंतोतंत जुळल्या. खांब दिसत नव्हता. जाळं टाकत असलेल्या श्यामलालला तिने विचारलं, "भाऊ, तुडुमाचा खांब कुठे?"

"तो काय, डाव्या बाजूले, पान्यात. संक्रांतीनंतर डोकं काढते. पाऊस लागला का पुन्हा बुडते. काऊन, आंघोर करता का?"

"नाही. पाहून राहिले."

श्रावण शुद्ध पंचमी म्हणजे नागपंचमी; ती भर पावसात येते, खांब बुडालेला असताना. रविताने ते मनात नोंदवलं आणि लेखी उत्तरात लिहिलं नाही.

रविवारी सभेला समितीचे सातही सदस्य आले. सातही पुरुष. डिंपलही आली होती, "काकाजींची फाइल घेऊन". सभा सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी पुष्पाबाई दारातून आत आली आणि पायरीजवळच्या बाकावर बसली.

"मास्तरीनबाई, तुमी?" भुवनेश्वर म्हणाले.

"सार्वजनिक लिहिलं हाय ना बोर्डावर?"

रविताने उत्तर वाचायला घेतलं. "प्रस्तावनेत लिहिलं आहे: मुखपृष्ठावरील चित्र श्री. परसराम कापगते गुरुजी यांनी स्वहस्ते सागवानी ठोकळ्यावर कोरून दिले." इथे ती थांबली आणि पुस्तक मिटलं. "ठोकळा रबरी शिक्क्यासारखा असतो. त्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सरळ उमटतं. गुरुजी कागदावर चित्रं काढणारे होते. ठोकळा त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला असेल. त्यांनी सरळ कोरलं, म्हणून छापताना चित्र उलटं आलं. पुस्तकाचं नाव प्रेसच्या खिळ्यांनी जुळवलं होतं, ते सरळच राहिलं. आपल्यापैकी कुणालाही हा तलाव ओळखता आला नाही, कारण आपल्याला तो फार चांगला माहीत आहे. परक्या माणसाला कोणत्याही दोन टेकड्या चालल्या असत्या. आपल्याला डावी-उजवी बदललेली चालली नाही. मग आपल्याला टेकड्याच दिसल्या नाहीत."

तिने आरसा आणि पुस्तक फिरवायला दिलं. सदस्य पुरनलाल बिसेन यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे बाप! हे तं आपली मोठी टेकडी. हे तलावाची पार. हे तिथं माहा पोरगा पडला होता ते झुडपं."

"तुह्या पोराचं चित्र नाई होय ते," शेजारचा म्हणाला. दोघेतिघे हसले.

आरसा भुवनेश्वर यांच्याकडे सर्वांत जास्त वेळ राहिला. "असन," ते शेवटी म्हणाले. "पन आरसा काढला का ते तसंच दिसते. लोक काय आरसा घेऊन पुस्तक वाचतीन? आन ज्यानं तक्रार केली त्याचं काय? तो म्हनन, समितीनं पोरीले पाठीशी घातलं. मी म्हनतो, वाद नको. रविताबाईनं सध्या थांबावं. तोपर्यंत डिंपल पाहीन."

कुणी विरोध केला नाही. डिंपलने फाइल मांडीवर सरळ केली.

"तो मी होय," पुष्पाबाई म्हणाली.

"कोन?"

"तक्रार केली तो. म्या पुस्तक काढाले लिहिलं. पोरीचं नाव त्याच्यात कुठी हाय? वाच ना, भुवनेश्वर. चारच तं ओळी हायेत."

भुवनेश्वर यांनी पत्र उघडलं नाही. पुष्पाबाई उठून टेबलाशी आली. तिने आरसा घेतला, पुस्तकाशेजारी धरला, मान तिरपी केली. रविता तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. टेकड्यांवर ती थांबली नाही. तिची नजर खाली, ठिपक्यावर होती, आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"काय होय मंग?" पुरनलालने विचारलं.

"तलाव होय. आपलाच."

"पक्कं?"

"त्या घाटावर पन्नास वर्षं लुगडी धुतली. मले ओरखू येनार नाई तं कोनाले येईन?" तिने आरसा खाली ठेवला. "तक्रार वापस घेतो म्हनून लिहा. आंगठा नाई, मी सही करतो. मास्तरची बायको होय मी."

ठराव झाला. पुस्तक कपाटात परत ठेवावं, ग्रंथपालांनी काम चालू ठेवावं. भुवनेश्वर यांनी शेवटी सही केली आणि डिंपलला घेऊन चहा न पिता गेले. जाताना त्यांनी रविताला म्हटलं, "वाचलीस." ते कौतुक होतं की इशारा, हे तिला ठरवता आलं नाही.

सगळे गेल्यावर पुष्पाबाई पायरीवर उभी होती.

"उपकार झाले, बाई," रविता म्हणाली.

"तू मधीच काऊन थांबली?"

"कुठे?"

"वाचतानी. कोरून दिले, म्हनली आन पुस्तक झाकलं. मास्तर चाळीस वर्षं माह्यापुढं वाचत होता. वाक्य पुरं झालं का नाई, मले कानानं समजते. पुढं काय लिहिलं?"

नोकरी आता कुठे जाणार नव्हती. ठरावावर सातही सह्या होत्या. "बाई घरी जा, ऊन झालं" एवढं म्हणून सुटता आलं असतं. काही दुसरंही वाचून दाखवता आलं असतं. मास्तरांची बायको असली तरी तिला चष्म्यानेसुद्धा बारीक छपाई दिसत नव्हती. रविताने पुस्तक उघडलं.

"श्रावण शुद्ध पंचमीस ते पूर्ण झाले."

"नागपंचमी."

"हो."

"नागपंचमीले तलाव भरला राहते. खांब दोन पुरुष पान्यात राहते."

"मला माहीत आहे. काल श्यामलालला विचारलं."

"आन आतमंदी बोलली नाई."

"नाही बोलले."

पुष्पाबाईंनी तिच्या कानांकडे पाहिलं, त्या दिवशी ओसरीत पाहिलं होतं तसंच.

"आठवणीतून काढला असेल, बाई," रविता म्हणाली. "उन्हाळ्यात रोज पाहिलेला खांब. त्याशिवाय तुडूम कुठे आहे ते चित्रात कळलं नसतं. पुस्तकच तुडुमाचं आहे."

"असन," पुष्पाबाई म्हणाली. "तसं बी असन." तिने चपला पायात सरकवल्या, एक पायरी उतरली आणि परत वळली. "तो आरसा दे मले. उद्या आनून देतो."

"घरी आरसा नाही का?"

"भिंतीतला हाय. तो काढून नेता येत नाई." तिने हात पुढे केला. "रुख्माच्या घरी जातो. तिले सांगतो, मास्तरनं तलाव काढला होता, पाय. तिनं आरशात पाहाचं. म्या तिच्याकडं पाहाचं."

रविताने पर्समधून आरसा काढून दिला. पुष्पाबाईंनी तो पदराच्या टोकात बांधला, पुस्तकाची आपली प्रत काखेत धरली आणि शाळेच्या मागच्या रस्त्याला लागली.